साय काढलेलं दूध

मुरगूडजवळच्या गावात माझ्या बाबांचा गोठा म्हशींनी भरलेला होता, आणि त्यांची लेक कोल्हापुरात साय काढलेलं पाणचट दूध पीत होती. माझ्या कुस्तीसाठी आई मंगळवार पेठेत खोली घेऊन राहिली होती. वस्तादांचं म्हणणं साधं होतं: तुझ्या वजनगटात दोघी तुझ्याहून भारी आहेत, एक गट खाली उतर, राज्यासाठी तुझी निवड झालीच समज. मला ती निवड हवी होती. रात्री डोळे मिटले तरी तीच दिसायची.

मग तूप गेलं, भाकरी अर्धी झाली, रश्श्यावरचा तेलाचा कट काढून आई मला नुसतं पाणी वाढू लागली. भर उन्हात स्वेटर घालून मी घाम काढायचे. पोटावरच्या शिरा दिसायला लागल्या आणि तालमीतल्या पोरी त्यांचं कौतुक करू लागल्या. मलाही ते कौतुकच वाटलं.

थंडीत पाळी थांबली. इथं आमची अक्कल बघा. तालमीतली तांबडी माती म्हणजे मारुतीची जागा, त्यामुळे त्या दिवसांत पोरींनी मातीच्या हौद्यात उतरायचं नाही, असा वस्तादांचा दंडक. दर महिन्याला माझा सराव बुडायचा आणि मी बाहेर बसून चडफडायचे. त्यामुळे पाळी थांबली तेव्हा घरात काळजी नाही, आनंदच झाला.

"मारुतीनंच तुझी सोय केली की," आई म्हणाली आणि शनिवारी नारळ फोडून आली.

पुढचे कित्येक महिने आम्ही डॉक्टरांचं नावही काढलं नाही. सोय झाल्यावर औषध कशाला?

निवड झाली. पण अंगात जोर राहिला नव्हता. कितीही जोर-बैठका मारल्या तरी दंड भरेनात, उलट ढिले पडू लागले. मेहनत कमी पडते, असं वस्ताद म्हणाले. मी मेहनत वाढवली आणि जेवण आणखी कमी केलं. स्पर्धा तोंडावर आली असताना पळता पळता नडगीत कळ आली. मी पडले नव्हते, मला कुणी पाडलंही नव्हतं. हाड आपसूक तडकलं होतं.

डॉक्टरबाईंनी पाय बघता बघता पाळीचं विचारलं. आईनं अगदी कौतुकानं सांगितलं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. अंगातली चरबी फार उतरली आणि पोटात पुरेसं अन्न गेलं नाही, की शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय, त्या म्हणाल्या. मग ते आधी पाळीचे हार्मोन्स आवरते घेतं. ते कमी झाले की हाडं ठिसूळ होतात, आणि उपाशी शरीर दंडात मांस भरायच्या भानगडीत पडत नाही, असलेलंच खातं. हाडं भरायचं वय हेच होतं, गेलेलं सगळं परत मिळेल असं नाही, हेही बाईंनी लपवलं नाही.

मी जेवायला लागले. वर्षभरानं पाळी आली, वजन वाढलं आणि वरच्या गटात माझा टिकाव लागला नाही. कुस्ती सुटली. आजही तालमीवरून जाताना मी रस्ता बदलते. राग वस्तादांचा येतो, आईचा येतो, आणि अजून मातीत उतरावंसं वाटतं म्हणून स्वतःचाही येतो.

माझ्या गटात वस्तादांनी दुसरी पोरगी उतरवली. परवा तिची आई आमच्या दारात आली. मला तेव्हा काय खायला देत होता, एवढंच तिला विचारायचं होतं. आईनं तिला आत बसवलं आणि काही हातचं न राखता सगळं सांगितलं: पाळीचं, हाडाचं, डॉक्टरबाई बोलल्या ते. त्या बाईनं सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं,

"पर निवड झालती न्हवं हिची?"

आईनं माझ्याकडं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "झालती."