गाडी माझी, पाडवा दादाचा

पहिली मोटारसायकल मी कशी शिकलो आणि कशी घेतली, ही गोष्ट माझ्या घरात सगळ्यांना पाठ आहे. सुनांना, नातवंडांना, घरी येणाऱ्या पाहुण्यांना मी ती हसत हसत सांगत आलो. पण दर वेळी पाडव्याच्या अलीकडेच थांबलो. पुढं काय झालं असं कुणी विचारलं की चहा मागायचा, विषय बदलायचा. आता ऐंशी उलटून गेली, आणि ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्यांच्यातलं कुणी उरलं नाही. म्हणून या वेळी शेवटपर्यंत लिहितो.

पन्नास सालानंतरचं कोल्हापूर. मी तेलावर चालणारी इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. आमच्या भिंतीला लागून एका गवळ्याचा गोठा होता. त्याला मी दादा म्हणायचो आणि त्याच्या बायकोला वहिनी. सकाळ-संध्याकाळ दादा म्हशी घेऊन चौकातल्या कट्ट्यावर जायचा आणि गिऱ्हाइकासमोर धार काढायचा. दुधात पाणी नाही हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे, असा आमच्या गावाचा हट्ट. तालमीतली पोरं तिथंच उभ्या उभ्या तांब्याभर दूध रिचवायची आणि मिशीला लागलेला फेस पुसत परत जायची.

हा दादा लढाईत गेला होता. तिथं तो फटफटीवरून निरोप पोचवायचा. वाळूत, अंधारात, दिवा न लावता. परत आल्यावर त्यानं मुकाट्यानं म्हशींची दावी हातात घेतली, पण रस्त्यावरून एखादी फटफटी गेली की धार काढता काढता त्याचा हात थांबायचा. नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, "प्लग गेलाय बघ तिचा."

लढाई संपल्यावर लष्करानं काढून टाकलेल्या फटफट्या पुण्याहून आणून दुरुस्त करून विकणारं एक गॅरेज स्टेशनच्या बाजूला होतं. तिथं एक हिरवट रंगाची गाडी उभी असायची. टाकीवर पोचे, एका बाजूचं गुडघा टेकायचं रबर गायब. कारखान्यातून सुटल्यावर मी रोज तिच्यासमोर जाऊन उभा राहायचो. गॅरेजवाल्यानं एकदा विचारलं, "पावणं, गाडी घेणार हाय का नजर लावणार?"

दादाला मी हे सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतः माझ्याबरोबर आला. त्यानं गाडीभोवती म्हैस बघावी तशी एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं, पाठीवर थाप मारावी तशी सीटवर थाप मारली. मग एका किकमध्ये ती चालू केली. तो आवाज माझ्या छातीत शिरला तो अजून तिथंच आहे.

रविवारी गाडी चालवून बघायला द्यायला गॅरेजवाला कबूल झाला, पेट्रोल आमचं. रंकाळ्याच्या पलीकडं माळ होता, तिथं माझं शिक्षण सुरू झालं. दादानं पहिल्या दिवशी मला गाडीवर बसूच दिलं नाही, माळभर ढकलायला लावली. मी घामानं निथळलो. तो बांधावर बसून तंबाखू मळत होता. म्हणाला, "बंद पडल्यावर हेच कामाला येतंय. बसायला कुणाला बी येतंय की."

शिकण्याची किंमत मी अंगानं भरली. हँडलवर ठिणगीची वेळ मागंपुढं करायची एक कांडी असायची. ती मागं न घेता किक मारली तर किक उलटी फिरून नडगीवर बसते. ती बसली. सायलेन्सरला पोटरी लागून कातडी सोलली. एक पायजमा साखळीत गेला, दुसरा बाभळीत. क्लच सोडताना गाडी माकडासारखी उडाली आणि मी मागच्या मागं बसलो. दादा हसून हसून आडवा झाला. शिकवायची फी तो पैशात घेत नसे. कामावर जायच्या आधी मी सायकलीवरून त्याच्या म्हशींना वैरणीचे भारे आणून टाकायचो. आई माझ्या नडगीला हळद लावायची आणि वडील पेपरच्या आडून म्हणायचे, "गुडघे फोडून घ्यायला सायकल पुरते. एवढं महाग यंत्र कशाला हवं?"

आणि मग एका रविवारी ते जमलं. दुसरा गिअर पडला, क्लच सुटला, गाडीनं हिसका दिला नाही. माळ माझ्याकडं धावत यायला लागला. डोळ्यांतून पाणी, तोंडात वारा, मागून दादाची आरोळी. तेवढं सुख मला पुढं लग्नातही झालं नाही, हे मी बायकोलाही सांगितलं होतं. तिनं हरकत घेतली नाही.

आता गाडी सोडणं शक्यच नव्हतं. माझा साठवलेला पगार आणि मुंजीतली अंगठी मिळून अर्धी किंमत झाली. उरलेली अर्धी दादानं घातली. त्यासाठी त्यानं दोन वाढत्या पारड्या विकल्या. आधीच त्याच्याकडं म्हशी थोड्या. एक भाकड, एक म्हातारी, आणि घर चालायचं ते एका ऐन दुभत्या म्हशीवर. वहिनी भडकल्या.

"पारड्या उद्या दूध देतील," त्या म्हणाल्या. "हे भांडं काय देणार हाय?"

"आवाज," दादा म्हणाला.

तो चेष्टा करत नव्हता. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, त्यांना मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची, आणि भर रस्त्यात मालकानं पुढं पळायचं. म्हैस गर्दीला न बुजता मालकामागं पळत आली की गवळ्याची वर्षभर मान ताठ. मालक पायी पळत, फार तर सायकलीवर असत. दादाच्या डोक्यात होतं की आपली म्हैस फटफटीमागं पळवायची, सायलेन्सर काढून. आमच्या भागात तसं कुणी पाहिलं नव्हतं.

"कागद तुझ्या नावावर," तो मला म्हणाला, "पाडवा माझ्या नावावर." मी हातावर हात मारला.

गाडी घरी आली तेव्हा सगळी गल्ली बाहेर आली. रागावलेल्या वहिनींनीच पुढच्या चाकाला कुंकू लावलं आणि नारळ फोडला. "भावजी," त्या म्हणाल्या, "ह्यांना जपून न्या. माणूस एकच हाय माझा." वडिलांनी लांबूनच गाडी पाहिली आणि ही रात्री कुठं ठेवणार, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी मात्र उशीर झाल्याचं निमित्त काढून ते माझ्या मागं बसून शाळेत गेले. उतरल्यावर टोपी सरळ करत त्यांनी फाटकाशी जमलेल्या पोरांकडं जी नजर टाकली, तशी मी पुन्हा कधी पाहिली नाही.

दसऱ्यापासून म्हशीचा सराव सुरू झाला. आधी गोठ्यात गाडी नुसती चालू ठेवून तिच्यासमोर वैरण टाकायची. मग हळू पुढं न्यायची. थोड्याच दिवसांत असं झालं की गल्लीच्या तोंडाशी आवाज आला तरी ती खुंट्याला हिसके द्यायची. दादा गाडीवर, मी बाजूनं सायकलीवर, आणि मधे ती काळीभोर म्हैस मान उंच करून धावते आहे. आम्ही दोघंही लहान पोरांसारखे ओरडायचो. दादाचा नियम कडक होता. मातीच्या रस्त्यावरच पळवायची, नव्या डांबरी रस्त्यावर चुकूनही नाही, कारण तिथं खूर धरत नाही. आणि ती आपणहून कधी थांबणार नाही, पुढची गाडी थांबली तरच थांबेल.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी गाडी घेऊन गोठ्यावर गेलो. दादा मुरगूडला मेहुण्याकडं कवड्यांची माळ आणायला गेला होता. वहिनी म्हशीला बांधून पूजेचं सामान आणायला बाजारात गेल्या होत्या. गोठ्यात मी आणि म्हैस. तिनं आवाज ऐकला आणि दावं ताणलं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सरळ लिहितो. उद्या सगळं गाव बघणार होतं, पण दादाला. मी गर्दीत उभा राहून टाळ्या वाजवणार होतो. कारखान्यातली माझी मित्रमंडळी नाक्यावरच्या हॉटेलात बसलेली असणार हे मला माहीत होतं. नाका डांबरी रस्त्याच्या पलीकडं होता. एवढासा तर तुकडा. मी दावं सोडलं आणि किक मारली.

ती आली. मी पुढं, ती मागं, सायलेन्सर नसलेल्या इंजिनाचा गडगडाट, दिवाळीच्या दुपारचा सुनसान रस्ता. मी वेग वाढवला तशी तीही वाढली. वळणावर डांबर लागलं तेव्हा मी गाणं म्हणत होतो. त्या आवाजात मागचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. थोडं पुढं जाऊन वळून पाहिलं तर रस्ता मोकळा. मी गाडी फिरवली. वळणावर ती पडली होती, मागचे पाय दोन बाजूंना फाकलेले. गाडी जवळ आल्यावर तिनं उठायचा प्रयत्न केला. तिला वाटलं असेल, पुन्हा पळायचं आहे.

मी थांबलो नाही. आडवाटेनं निघालो तो पार कागलच्या रस्त्याला लागलो, आणि दिवे लागल्यावर घरी आलो.

तोवर जनावरांचे डॉक्टर येऊन गेले होते. खुबा निखळला होता. दादानं मला विचारलं, आणि मी सांगितलं की मी दारापर्यंत आलो होतो, तू नव्हतास म्हणून तसाच पुढं गेलो, ती मागं आल्याचं मला कळलंच नाही. दावं खुंट्यापाशी अख्खं पडलेलं होतं. तुटलं असतं तर कुणाचा दोष नव्हता. अख्खं होतं, म्हणजे गाठ नीट मारली नव्हती. गाठ वहिनींनी मारली होती. दादानं त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि बाहेर जाऊन बसला. मी तिथंच उभा होतो.

म्हैस उठली नाही. दुभतं गेलं तसा कट्टाही गेला, आणि दादा गुळाच्या बाजारात ढेपांची ओझी वाहायला लागला. बायका वहिनींसमोर बोलायच्या, "हिच्या हाताला गाठ ठरत न्हाय." दादानं पाडव्याचा हक्क पुन्हा सांगितला नाही. गाडी विकून त्याचे पैसे देतो म्हटलं तर म्हणाला, "चालीव लेका. निदान एकाला तरी मजा येऊ दे." मी ती कितीतरी वर्षं चालवली, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली.

दादा गेल्यावर वहिनी पेठ वडगावला लेकीकडं राहायला गेल्या. निवृत्त झाल्यावर मी एकदा तिथं गेलो. एसटीत बसून सबंध वाक्य मनात जुळवलं होतं. त्यांनी मला ओळखलं, चहा टाकायला लावला, जुन्या गल्लीतल्या एकेकाची चौकशी केली. मग आपणहून म्हणाल्या, "त्या दिवशी बाजाराची घाई हुती. गाठ मीच ढिली मारली बघा, भावजी. तुमच्या गाडीचा काय दोष?"

इतक्या वर्षांत त्यांचाही त्यावर विश्वास बसला होता. माझं तोंड उघडलं. मी म्हणालो, "चहात आलं छान लागतंय." त्या हसल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्याचं लेकीनं कळवलं.

एसटीत जुळवलेलं वाक्य असं होतं: वहिनी, तुमची गाठ पक्की होती, सोडताना माझं नख उलटलं होतं, मला माफ करा.