न वाजलेली घंटा

माहेरी पेणला गेले की बाबांसोबत पहाटे टेकडीवरच्या देवळाला निघायचं, हे ठरलेलं. मी मात्र अर्ध्या वाटेवरच्या कठड्यावर मोबाइल घेऊन बसायचे. बाबा वर पोचले की घंटा वाजवत, मग मी निर्धास्त.

यंदा अँजिओप्लास्टी होऊनही त्यांनी ऐकलं नाही. बराच वेळ झाला तरी घंटा वाजेना. हाका मारल्या, ओ नाही. चपला हातात घेऊन, त्यांच्या हट्टाला बोल लावत मी धापा टाकत वर गेले.

बाबा घंटेखाली निवांत बसले होते. समोरच्या डोंगरांवर तांबडं फुटत होतं.

"घंटा का नाय वाजवलीत?" मी ओरडले.

"बस गो इथं," ते म्हणाले. "वाजवली असती, तर आजपण तू वर आली नसतीस."