तिवड्याभोवतीचा फेर

यमुना मुंबईत तापाने गेल्याची तार खालापुरास माझ्या हाती आली, तेव्हा भाताची कापणी अर्ध्यावर होती. मी पोशीरला बहिणीकडे, पार्वतीकडे गेलो. तिने तार वाचून घेतली, विळा खाली ठेवला आणि म्हणाली, "दादा, खळं अजून करायचं हाय."

यमुना माझी भाची. बोलपटांत नाचणारी म्हणून वाचकांना ती ठाऊक असेल. नाच ती खळ्यावर शिकली. मळणीपूर्वी जमीन चोपून, सारवून खळे करतात आणि मधोमध तिवडा, म्हणजे बैल बांधायचा खांब, रोवतात. बैल जुंपण्याआधी घरच्या लेकीने तिवडा धरून अनवाणी फेर घालायचा, ही त्या घराची रीत. यमुना एका फेरावर कधी थांबली नाही. "अगं, जमीन चोपतेस का फोडतेस?" पार्वती ओरडे.

लग्नानंतर ती मुंबईस गेली. नवरा चित्रपटाच्या कारखान्यात सुतार. तिथेच ती नाचणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिली आणि यथावकाश रांगेच्या पुढे आली. बोलपटात गाणे व नाच एकदमच टिपत. माथ्यावर टांगलेल्या ध्वनिग्राहकापासून दूर गेले की आवाज हरवे. इतरजणी चुकत. ही मला म्हणाली, "मामा, त्यात काय? त्यो आपला तिवडाच, निस्ता उलटा टांगलेला."

गावातल्या कोणीतरी तिचा एक बोलपट पाहिला. त्या वर्षी यमुना कापणीला आली, तर पार्वती खळ्याच्या कडेला आडवी उभी.

"लोकांम्होरं नाचलेलं पाय हितं नाय पडायचं."

"मंग तू घाल फेर, आये."

"मी सून हाय हितली. लेकीचा मान हाय त्यो."

"मंग ऱ्हाऊ दे तसाच. मी बांदावर बसते."

मळणी फेराविना झाली. त्यानंतरही यमुना दरवर्षी आली. भात कापले, भारे वाहिले आणि फेराच्या वेळी बांधावर जाऊन बसली. तिने विनवणी केली नाही, नाचही सोडला नाही. मी मध्ये पडू लागलो, तेव्हा म्हणाली, "नको मामा. आयेनंच बोलवाया हवं."

पार्वतीने बोलावले नाही.

यंदा खळे झाले. मी बैल घेऊन उभा होतो. पार्वतीने एकदा बांधाकडे पाहिले, पदर खोचला आणि तिवडा धरला. तिचे गुडघे दुखतात... एक फेर झाला, ती थांबली नाही. शेजारीण म्हणाली, "अगं, तू तर सून ना?"

"लेकीचंच फेर हायेत हे," पार्वती म्हणाली. "ऱ्हायल्यात तेवढं सगळं घालते."

त्या दिवशी मळणी उशिरा सुरू झाली. बैल मी धरून ठेवले होते.