झोपलेला फोर्कलिफ्टवाला

दुबईत जबल अली बंदराजवळच्या एका गोदामात मी डॉक्युमेंट क्लार्क आहे. रिकाम्या वेळात, बाद झालेल्या डिलिव्हरी नोटच्या पाठीवर व्यंगचित्रं काढतो. आवडलं तर पँट्रीतल्या बोर्डावर टाचतो. लोक चहा घेता घेता हसतात. बरीच वर्षं मला तेवढंच पुरत होतं.

आमच्याकडे गुहागरकडचे एक फोर्कलिफ्टवाले होते, पन्नाशीचे. कंपनीच्या बसमध्ये बसले की पाचव्या मिनिटाला झोप. एकदा मी त्यांना तसंच काढलं: मान मागे टाकलेली, तोंड उघडं, आणि त्या तोंडात एक फोर्कलिफ्ट अख्खा कंटेनर घेऊन शिरतेय. गोदाम खदखदून हसलं. ते मात्र चित्रासमोर नुसते उभे राहिले. मग पिन काढली, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि निघून गेले.

दोन दिवस मला काही सुचेना. तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्यांना गाठलं. "काका, चुकलं माझं. राग आला असेल तर..."

"राग कसला? फोटो काढून घरी पाठवला मी. पोरगी हसून हसून लोळली." मग म्हणाले, "बायको नाही हसली. विचारते, इतके दमता का हो? मी तिला सांगत आलोय, बसून गाडी चालवायची, काम कसलं ते! आता मी जागा असलेलं एक चित्र काढा. ते पाठवतो."

मी पालथ्या क्रेटवर बसलो. ते पासपोर्टच्या फोटोसारखे ताठ. तीन कागद फुकट गेले. तेवढ्यात त्यांच्या बायकोचा व्हिडिओ कॉल आला. "हेच ते चित्रवाले," म्हणत त्यांनी फोन माझ्याकडे वळवला.

"भाऊ, नाक जरा लहान काढा हो," पलीकडून आवाज आला.

ते इतके लाजले, की कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात मी भराभर रेघा ओढल्या. नाक काही लहान केलं नाही. ते खरंच मोठं होतं.

सुट्टीवर जाताना दोन्ही चित्रं ते घेऊन गेले. परत आल्यावर मी विचारलं, "वहिनींना आवडलं का?"

"भिंतीवर झोपलेलं लावलंय तिने. म्हणते, जागे तर रोज फोनवर दिसता. झोपलेले कुठे बघायला मिळता?"

बाहेर बसचा ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" ओरडत घाई करत होता. आम्ही बसकडे पळालो.

तेव्हापासून चित्र बोर्डावर लावण्याआधी ज्याचं त्याला दाखवतो. कुणी हसून "लावा" म्हणतं, कुणी "हे नको" म्हणतं. नको म्हटलेली माझ्या वहीत आहेत. खरं सांगायचं तर, माझी चांगली चित्रं तीच आहेत.