व्हर्नाची चारशे बारा पाकिटं

गेलन हॉस्टेटरची बायको व्हर्ना २००७च्या फेब्रुवारीत गेली. मंगळवारी दुपारी ड्रायरमधून कपडे काढता काढता ती खाली बसली, आणि गुरुवारी सकाळी हॉस्पिटलात संपली. शनिवारी दफन झालं. चर्चच्या तळघरात हॅम, बटाट्याचं सॅलड आणि मनुकांची पाई असं मयताचं नेहमीचं जेवण होतं. गेलननं दोनदा वाढून घेतलं. सोमवारी त्यानं घरामागच्या शेडला कुलूप लावलं, आणि ते दोन वर्षं उघडलं नाही.

शेडमध्ये १९४८चा डायमंड टी ट्रक होता. होता म्हणजे सुटा होता. चासी रंगवून लाकडी घोड्यांवर ठेवलेली, इंजिन नव्यासारखं करून कापडाखाली, केबिन, मडगार्डं, दरवाजे भिंतीला टेकवलेले. उरलेला सगळा ट्रक चारशे बारा प्लास्टिकच्या पाकिटांत होता.

गेलन अडतीस वर्षं दगडखाणीत मेकॅनिक होता. दिवसभर खाणीचे ट्रक दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःची जुनी गाडी उघडायची, हा त्याचा क्रम. असे आमच्या हेलर्सबर्गमध्ये बरेच आहेत. जुन्या ट्रकवाल्यांच्या क्लबात सव्वीस सभासद आहेत, आणि पेनसिल्व्हानियाच्या या भागात ही संख्या कुणाला मोठी वाटत नाही. गेलननं आधी दोन गाड्या पुऱ्या केल्या होत्या. हा डायमंड टी तिसरा आणि शेवटचा, असं त्यानं व्हर्नाला कबूल केलं होतं. ट्रक गावच्या गिरणीचा. बावीस वर्षं जनावरांच्या खाद्याची पोती वाहून मग कुंपणाला टेकून उभा होता.

गाडी सुटी करताना या लोकांचा एक नियम असतो. निघालेला बोल्ट त्याच भोकात परत जायला हवा. त्याच मापाचा दुसरा चालत नाही. म्हणून प्रत्येक पाकिटात चिठ्ठी घालतात. गेलनचे हात ग्रीसनं भरलेले असायचे, म्हणून तीन उन्हाळे चिठ्ठ्या व्हर्नानं लिहिल्या. ती एकतीस वर्षं वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरी होती. गेलन बोलायचा तेवढ्या वेगानं तिला लिहावं लागे, आणि तो वेग तिला एकाच लिपीत जमायचा. चारशे बारा चिठ्ठ्या शॉर्टहँडमध्ये होत्या. गेलनला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. गरजही नव्हती. वाचायला व्हर्ना होती.

२००९च्या मार्चमध्ये वृद्धनिवासातून कळवण्यात आलं की गेलनचा नंबर लागला आहे. त्यानं व्हर्ना असतानाच दोघांची नावं नोंदवली होती. घर विकलं गेलं. तीस सप्टेंबरला ते रिकामं करून द्यायचं होतं, शेडसकट.

क्लेअर झिमरमन हा त्याचा क्लबातला मित्र. हा पुरुष आहे, आमच्याकडे पुरुषांचंही हे नाव असतं. क्लेअरच्या गोठ्यात एका ट्रकपुरती जागा होती. एप्रिलमध्ये दोघांनी शेडचं कुलूप काढलं. क्लेअरनं एक पाकीट उजेडात धरलं.

"हे काय रे? चिठ्ठीवर कोंबडी नाचवलीस?"

"व्हर्नानं लिहिलंय."

"वाच की मग."

"येत नाही."

क्लेअरनं दुसरं पाकीट बघितलं, तिसरं बघितलं. "सगळी अशीच?"

"सगळी."

"आणि दोन वर्षं तू कुणाला बोलला नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

क्लेअरनं त्याला सरळ सांगितलं. जोडलेला, स्वतःच्या चाकांवर आलेला ट्रक तो ठेवून घेईल. पाकिटं ठेवणार नाही. सुटा ट्रक दुसऱ्याच्या गोठ्यात गेला की तिथून तो परत जोडला जात नाही, भंगारातच जातो, हे दोघांनी अनेकदा पाहिलं होतं. सप्टेंबरपर्यंत जमलं नाही तर ऑक्टोबरच्या जुन्या सामानाच्या बाजारात पाकिटांसकट मांडायचा. गेलन म्हणाला, "ठीक आहे." त्या काळात तो सगळ्यालाच ठीक आहे म्हणायचा.

चिठ्ठ्या वाचणारी बाई क्लेअरनंच शोधली. लोइस एबरसोल, वय सत्त्याऐंशी, जिल्हा कोर्टात चाळीस वर्षं शॉर्टहँडमध्ये साक्षी उतरवून घेतलेली. मंगळवारी आणि शुक्रवारी क्लेअर तिला गेलनच्या स्वयंपाकघरात आणून सोडायचा. ती भिंगातून चिठ्ठी वाचायची आणि गेलन मोठ्या अक्षरांत नव्या चिठ्ठीवर लिहून घ्यायचा. बाराला गेलन दोघांसाठी बोलोना सॉसेजची सँडविच करायचा. दोन वर्षं तो दुपारी तेच खात होता.

"तुझी बायको पहिल्या उन्हाळ्यात नीट लिहायची," लोइस म्हणाली. "दुसऱ्यात घाई दिसते. तू भरभर बोलायला लागला होतास का?"

"तिसरी गाडी होती. सवय झाली होती."

"तिला नव्हती झाली."

तिसऱ्या आठवड्यात क्लेअरनं बाजूला घेऊन लोइसला विचारलं, "लोइसबाई, चिठ्ठ्यांत काही खासगी निघालं का हो?"

"निघालं ना."

"काय?"

"'वॉशर फुटलेला, नवा घेणे.' तू मला उशीर करतोयस, क्लेअर. सोड माझा हात."

खासगी काही नव्हतंच. डावा, पुढचा, खालचा. दोन लांब, एक आखूड. लांब वर. सात चिठ्ठ्यांवर मात्र एकच वाक्य होतं: 'हे काय ते कळत नाही, गेलनला विचारणे.' लोइसनं पहिली वाचली तेव्हा गेलननं पाकीट हातात घेऊन आतला तुकडा बघितला. त्यालाही ओळखता आला नाही.

"तिनं विचारलं नव्हतं?" लोइस म्हणाली.

"विचारलं असेल. मी ऐकलं नसेल." त्यानं पाकीट वेगळ्या डब्यात टाकलं आणि पुढचं तिच्यासमोर ठेवलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चिठ्ठ्या संपल्या आणि जोडणी सुरू झाली. मागून पुढे यायचं ठरलं. मागचा लाकडी हौदा, त्याचे पट्टे, मागची मडगार्डं नऊ दिवसांत बसली. एकही भोक चुकलं नाही. क्लेअर क्लबात सांगत सुटला की व्हर्ना वरून मुकादमी करते आहे. गेलन तिथेच होता. तो कॉफी घेत राहिला.

मग केबिन आली. या ट्रकची केबिन चासीवर चार ठिकाणी टेकते आणि प्रत्येक टेकूखाली पत्र्याच्या चकत्या घालून ती समपातळीत आणतात. कारखान्यात ते काम हातानं व्हायचं, म्हणून एका कोपऱ्यात दोन चकत्या तर दुसऱ्यात पाच. दरवाजांच्या बिजागऱ्यांखाली, पुढच्या मडगार्डांखाली तसंच. व्हर्नाच्या चिठ्ठ्यांत हे सगळं मोजून लिहिलेलं होतं. त्याप्रमाणे केबिन बसवली, आणि दरवाजे लागेनात. उजव्याचा खालचा कोपरा अर्धा इंच बाहेर, डावा वर घासत होता. बॉनेटची फट एका बाजूला बोट जाईल एवढी, दुसरीकडे नाहीच.

केबिन उतरवली. चिठ्ठ्या पुन्हा तपासल्या, पुन्हा बसवली. तेच. जुलै असाच गेला. ऑगस्टच्या सुरुवातीला क्लेअर वैतागला.

"चकत्या नव्या घाल, गेलन. अंदाजानं. सगळे तेच करतात."

"नाही."

"अरे, कुणाला कळणार आहे?"

"मोजलेल्या आहेत."

"चुकीच्या मोजल्यात!"

गेलननं पान्हा खाली ठेवला, फडक्यानं हात पुसले आणि घरात गेला. क्लेअर अर्धा तास शेडमध्ये थांबला. मग तोही गेला. आठ दिवस दोघं बोलले नाहीत. गेलननं एकट्यानं केबिन तिसऱ्यांदा उतरवली आणि तशीच ठेवून दिली. ऑगस्टच्या वीस तारखेला त्यानं फोन करून बाजारातल्या जागेचं विचारलं.

दुसऱ्या दिवशी लोइस आली. बोलावलं नव्हतं. क्लेअरनंच तिला आणलं, आणि तो गाडीतच बसून राहिला.

"मी चुकीचं वाचलं असं क्लेअर म्हणतो," ती म्हणाली.

"तसं नाही. कुठेतरी काहीतरी..."

"डावं आणि उजवं मी चुकवत नाही. सुरी कुठल्या हातात होती, यावर माणसं तुरुंगात गेली आहेत. चिठ्ठ्या आण."

तिनं केबिनच्या तीस चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. सगळं तेच निघालं. भिंग मिटून ती शेडभर नजर फिरवत बसली.

"ती उभी कुठे राहायची?"

"कोण?"

"तुझी बायको. लिहिताना."

गेलनला आठवायला वेळ लागला. "उभी नसायची. तिची कंबर दुखायची. खुर्ची घेऊन बसायची. इथं, दारात, उजेडाला."

दार ट्रकच्या पुढच्या बाजूला होतं. लोइस दारात गेली, वळली, आणि ट्रककडे तोंड करून तिनं डावा हात वर केला. तो ट्रकच्या उजव्या मडगार्डाकडे होता.

या गाडीवाल्या लोकांत डावं-उजवं ड्रायव्हरच्या जागेवर बसून ठरतं. गाडीसमोर उभे असोत की खाली पडलेले असोत, डावं म्हणजे ड्रायव्हरचं डावं. हे कुणी कुणाला शिकवत नाही.

"तू तिला सांगितलं नव्हतंस," लोइस म्हणाली.

"सांगण्यासारखं काय आहे? सगळ्यांना ठाऊक असतं."

"सगळ्यांना म्हणजे तुझ्या क्लबाला."

"मी तिला तुकडा द्यायचो. 'मडगार्ड, पुढचा बोल्ट' म्हणायचो. बाजू ती बघून लिहायची." तो ट्रकच्या मागच्या टोकाकडे वळला. "मग हौदा कसा बसला?"

ते त्यालाच उलगडलं. हौदा उन्हाळा सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये सुटा केला होता. थंडी पडली होती, आणि शेडच्या मागच्या खिडकीतून दुपारचं ऊन यायचं. व्हर्नानं खुर्ची ट्रकच्या मागे नेली होती. तिथून तिचं डावं आणि ड्रायव्हरचं डावं एकच होतं.

लोइसला क्लेअर घेऊन गेला आणि दोन तासांनी परत आला. तेव्हा शेडच्या दारात गेलननं घडीची खुर्ची मांडली होती आणि तिच्यावर तो बसला होता.

"काय बघतोयस?"

"मी कुठे असायचो ते."

क्लेअर ट्रककडे बघू लागला. "कुठे म्हणजे?"

"खाली तरी, नाहीतर बॉनेटच्या मागे. इथून माझे बूट दिसत असणार. आणि हात." त्यानं तुकडा पुढे करतात तसा हात पुढे केला. "तीन उन्हाळे."

क्लेअरनं विचारलं, "व्हर्ना काही म्हणायची?"

"बाजू विचारायला हवी होती मी." गेलन उठला, त्यानं खुर्ची मिटून भिंतीला लावली. "मागच्या चिठ्ठ्या राहू देत. पुढच्यांचं डावं-उजवं बदलू."

चिठ्ठ्या बदलायला दोन दिवस गेले आणि केबिन चढवायला चार. एकोणतीस ऑगस्टला उजवा दरवाजा लागला. गेलननं तो उघडून पुन्हा लावला. मग डावा. बॉनेटच्या दोन्ही फटींत त्यानं एकच पट्टी सरकवून पाहिली. क्लेअरनं टोपी काढून हवेत फेकली. ती तुळईवर अडकली, आणि काठीनं काढावी लागली. गेलननं पट्टी डब्यात ठेवली आणि मडगार्डाची पाकिटं मागितली.

पंचवीस सप्टेंबरला ट्रक चालू झाला, तिसऱ्या प्रयत्नात. सत्तावीसला रविवार होता, चर्च सुटल्यावर निघायचं ठरलं. क्लेअरचा गोठा नऊ मैलांवर. लोइसनं सांगून ठेवलं होतं की शेजारच्या सीटवर ती बसणार. क्लेअरनं तिला केबिनच्या पायफळीवरून वर चढवलं, आणि तिनं खाली बघून त्याला सुनावलं की कोर्टातल्या पायऱ्या याहून बऱ्या होत्या. सात पाकिटांचा डबा मांडीवर घेऊन ती बसली. ते तुकडे कुठेच लागले नव्हते आणि त्यांच्यावाचून ट्रक चालत होता.

क्लेअर आपल्या गाडीनं मागून आला. चढावर गेलननं गिअर बदलला, त्याचा आवाज झाला.

"बरं वाटतंय का?" लोइसनं विचारलं.

"दुसरा गिअर अडतोय."

"मी गिअरचं नाही विचारलं."

"कळलं मला." पुढच्या वळणावर त्यानं वेग कमी केला. "अजून काही वाटत नाही, लोइसबाई."

"बरं," ती म्हणाली, आणि तिच्या बाजूची काच खाली घेतली. पाच मैल उरले होते. ताशी पंचवीसच्या वर तो गेला नाही.