निकाल सांगायचा नाही

ओल्या छत्र्या जशा दारात आपोआप जमतात, तसे आमच्या ग्रुपचे किस्से हिवाळ्यात जमतात. बेसबॉलचा सीझन संपला की इथे अमेरिकेत, रेडमंडला, उरतो फक्त पाऊस आणि चहाच्या वेळेलाच पडणारा अंधार. मग आम्ही चार-पाच मराठी बेसबॉलवेडे शनिवारी आमच्यातल्याच मेधाच्या घरी जमतो आणि एकमेकांना बेसबॉलची पुस्तकं सुचवतो.

यंदा मात्र सगळी पुस्तकं एकाच माणसासाठी शोधली. मेधाचे बाबा, नागपूरचे वसंतकाका, लेकीकडेच राहतात. त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती आणि ते काही मनावर घेत नव्हते. "पंच्याहत्तरी झाली. आता कशाला हे सारं?" म्हणून विषय बंद करायचे. मेधाने आम्हाला एवढंच सांगितलं, की त्यांचं मन पुन्हा कशात तरी अडकेल असं काहीतरी सुचवा.

*

आमच्या ग्रुपचा एकच नियम आहे: निकाल सांगायचा नाही. आम्ही सगळे इथे आलो ते नोकरीसाठी, मोठेपणी. जुन्या फायनलमध्ये कोण जिंकलं हे इथल्या लोकांना पाठ असतं, आम्हाला त्याचा पत्ताच नसतो. त्यामुळे आजोबांच्या काळातल्या मॅचचं पुस्तकही आम्ही श्वास रोखून वाचतो.

ऑफिसमधला टॉम एकदा पाहुणा म्हणून आला. आमच्या ग्रुपमधल्या निखिलच्या हातातलं पुस्तक बघून अगदी प्रेमाने म्हणाला, की छान आहे हे, शेवटी बिचारे हरतात! निखिलने पुस्तक मिटलं. टॉमला कळेना काय चुकलं. ही मॅच तर माझ्या जन्माआधीची आहे, तो म्हणाला.

"तुझ्या जन्माआधीची असेल," निखिल म्हणाला. "माझी आज रात्री होती."

*

निखिल मुंबईचा, डेटावाला. त्याने काकांना नुसत्या आकड्यांचं पुस्तक दिलं. कुठला खेळाडू किती उपयोगाचा, हे त्यात सगळं गणिताने सिद्ध केलेलं. काकांनी ते इमानदारीने वाचलं.

"गणित बरोबर आहे," परत करताना म्हणाले, "पण यात कोणाला घाम येत नाही."

*

मला वाटलं, आपण बाजी मारणार. काकांनी नागपुरात क्लब क्रिकेटमध्ये पुष्कळ वर्षं अंपायरिंग केलंय, म्हणून मी एका बेसबॉल अंपायरच्या आठवणी दिल्या. काकांनी अर्ध्यातच पुस्तक मिटलं. म्हणाले, हा माणूस प्रत्येक पानावर बरोबरच असतो. खरा अंपायर आपला एक चुकलेला निर्णय घेऊन घरी येतो आणि तो निर्णय त्याच्यासोबतच म्हातारा होतो.

मी त्यांना विचारलं, तुमचा कोणता? त्यांनी पुस्तक माझ्या हातात परत ठेवलं. मग चहा मागितला.

*

शेवटी लेकीच्या हट्टापायी काका ऑपरेशनला हो म्हणाले. पण कपाटाच्या किल्ल्या आणि बँकेचे कागद तिच्या हवाली करून. मेधाने आम्हाला ते सांगितलं. निखिलने ग्रुपवर हॉस्पिटलसाठी एक पातळसं पुस्तक सुचवलं, आणि लगेच मेसेज डिलीट केला. मग म्हणाला, जाडच काहीतरी बघू या.

*

पुस्तक सापडलं ते मेधाच्या मुलीला. इरा आठवीत आहे, सॉफ्टबॉल खेळते. आजोबा मराठीत विचारतात, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, दोघांचं मजेत चालतं. तिने आपलं वाचून झालेलं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यात सात मॅचची एक जुनी फायनल होती, एका प्रकरणात एक मॅच. काका रोज संध्याकाळी मोठ्याने वाचायचे आणि इरा शेजारी बसून ऐकायची. चेहऱ्यावर काही दिसू द्यायची नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे हॉस्पिटलमध्ये जमलो, तेव्हा पुस्तकात तीन-तीन अशी बरोबरी झाली होती. शेवटची मॅच तेवढी उरली होती.

स्ट्रेचर न्यायला माणसं आली. काकांनी चष्मा काढून मेधाकडे दिला आणि इराचा हात धरला.

"कोण जिंकलं, सांगून टाक बेटा. आता नियम राहू दे."

मेधाला रडू आवरेना. "सांग गं त्यांना," ती म्हणाली.

इराने पुस्तक उचललं, आपल्या बॅगेत टाकलं आणि चेन लावली. या मुलीच्या तोंडून 'हो' आणि 'नको' यापलीकडे मराठी आम्ही कधी ऐकली नव्हती.

"नाही सांगणार, आजोबा. बाहेर या, मग आपण वाचू."

स्ट्रेचर गेलं.

संध्याकाळी आयसीयूमध्ये त्यांनी डोळे उघडले आणि हात थोडासा पुढे केला. मेधाने तो दोन्ही हातांत घट्ट धरला. काकांनी हळूच सोडवून घेतला आणि पुन्हा पुढे केला. त्यांना चष्मा हवा होता.