बाहुलीचं घड्याळ

आमच्या खालच्या गाळ्यात शिवणाचं दुकान आहे. चालवणाऱ्याला सगळे मास्तरच म्हणतात. माणूस कामाला चोख, पण बोलण्यात काटकसरी. त्यांचं हसू पाहायचं असेल तर लेक दुकानात असावी लागते. लेक सहा वर्षांची, तिला सगळे भिंगरी म्हणतात. कारण सांगायला नको.

दुकानातलं तिसरं माणूस म्हणजे मावशी. बावीस वर्षं काज-बटणं त्याच करतात. मास्तर गिऱ्हाइकाचं माप घेऊन आकडा बोलतात आणि मावशी वहीत लिहितात. स्वतः लिहायला मास्तर बसत नाहीत. वही मावशींची, टेप मास्तरांचा, अशी वाटणीच झालेली.

त्या आठवड्यात एका दवाखान्याच्या आठ पांढऱ्या कोटांचं काम आलं. सोमवारी मापं झाली, बुधवारी मास्तरांनी आठही कोट बेतून कापले. गुरुवारी पहिला कोट घालून पाहायला कंपाउंडर आला. मी तेव्हा उशांचे अभ्रे न्यायला गेले होते. त्याने हात पुढे केला तर मनगट उघडं.

"मास्तर, हा धाकट्या भावाचा दिलात का?" तो हसत म्हणाला.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी बाही मोजली, चोवीस. वहीतही चोवीस. मग त्याचा हात मोजला. पंचवीस.

"मावशी, मी पंचवीस बोललो होतो."

"चोवीस बोललात. मी ऐकलं तेच लिहिलं."

"टेप खोटं बोलतो का? चष्मा बदला म्हणून वर्षभर सांगतोय. एक आकडा चुकला म्हणजे बाकीच्यांचा काय भरवसा? आता आठही कोटांचं कापड वाया गेलं ना!"

कंपाउंडरने काढता पाय घेतला. मावशींनी चष्मा काढून पदराने पुसला, पेन्सिल वहीत ठेवली, वही मिटली. "बावीस वर्षांत तुम्ही मला खोटं पाडलं नव्हतं," एवढंच बोलल्या आणि बोटातलं अंगुस्तान डबीत टाकून उठल्या. त्या पुन्हा यायच्या नाहीत, हे मलाही कळलं. मास्तरांनाही कळलंच असणार.

मावशी दाराशी गेल्या तर चप्पल एकच.

"भिंगरे!" मास्तर ओरडले. "ही थट्टेची वेळ आहे का? चप्पल आण."

भिंगरी बेतायच्या टेबलाखाली बसलेली. "मावशी जाणार नसेल तर देते."

मास्तरांनी वाकून चिंध्यांच्या ढिगात हात घातला. चप्पल सापडली. तिच्यात चिंध्यांची बाहुली झोपवलेली, आणि बाहुलीच्या मनगटाला पिवळ्या पट्टीचं घड्याळ. त्यावर ठळक एक.

मास्तरांनी गळ्यातला टेप ओढून डोळ्यांसमोर धरला. पितळी टोक जागेवर होतं, म्हणून बोटांना कधी शंकाच आली नव्हती. पण टोकाच्या मागे पहिला आकडा होता दोन. पितळेवर बारीक दातांच्या खुणा होत्या.

"हे कुणी कापलं?"

"बाहुलीनं." मग मास्तरांच्या तोंडाकडे बघून, "मी. मंगळवारी. तिला किती वाजले ते कळत नव्हतं. टोक मी परत बसवलं ना, चावून."

म्हणजे मंगळवारपासून टेप दर मापाला एक इंच जास्त सांगत होता: बुधवारी चोवीसची बाही तेवीसच कापली गेली, आणि आज चोवीसचा हात पंचवीस निघाला.

मास्तरांचा हात वर गेला होता. मी "अहो" म्हणायच्या आत तो खालीही आला. ते जमिनीवरच बसले.

"मघाशी मावशीला बोललो तेव्हा तू इथेच होतीस?"

तिने मान डोलावली.

"टेप कापलास ते चुकलंच. पण तुझ्या चुकीचं बोलणं मावशीनं खाल्लं आणि तू गप्प बसलीस, ते जास्त वाईट. जा, सांग तिला."

भिंगरी हलेना. "तू पण चल. तू तर ओरडलास."

मास्तरांनी आयुष्यात कुणाची माफी मागितल्याचं मी पाहिलेलं नाही. अशा वेळी देव लेकराच्या तोंडून बोलतो, असं मी मानते. ते उठले, चप्पल मावशींच्या पायाशी नीट जोडून ठेवली.

"मावशी, माझं चुकलं. वही बरोबर होती."

"आणि माझं पण," भिंगरी मागून बोलली, आणि मग तिने भोकाड पसरलं.

मावशींनी दोघांकडे पाहिलं. "बाप-लेक एकाच मापाचे," त्या म्हणाल्या. पण पाय चपलेत सरकवले नाहीत.

बाह्यांना पुढे कफ जोडायचं ठरलं. शिवलेल्या कोटाची शिवण उसवायचं काम भिंगरीला मिळालं. चार दिवस शाळेतून आली की ती मावशींच्या शेजारी बसून एकेक टाका उपसायची. बाहुलीच्या हातात घड्याळ तसंच राहिलं. ते काढ, असं कुणी म्हटलं नाही.

नवा टेप आला. पहिल्या गिऱ्हाइकाच्या खांद्याला तो लावण्याआधी मावशींनी पेन्सिल उचलून मास्तरांकडे पाहिलं.

"आधी लाकडी पट्टीला लावा."

मास्तरांनी मुकाट्याने लावला.